कान कुठे असतो

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पोह्यांच्या बश्यांऐवजी स्क्रू होते. लेकीनं माझ्या चार वाट्या पळवल्या होत्या आणि कुठल्या वाटीत कुठले स्क्रू ते चिकटपट्टीवर लिहून ठेवलं होतं. मधोमध जुनं वर्तमानपत्र, त्यावर पोट उघडून पडलेला थिंकपॅड एक्स२३०. जन्म २०१२ चा. समोर माझा भाऊ, चष्मा कपाळावर, हातात मल्टिमीटर. दादानं उभी नोकरी टेलिफोन खात्यात काढली. हात अजून स्थिर आहे म्हणून त्याला बोलावलं होतं. हाताबरोबर तोंडही येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो.

लेक कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. तिला असा लॅपटॉप हवा होता, की आत काय चाललंय ते तिला कळेल आणि इतरांना कळणार नाही. या दोन गोष्टी एक नाहीत, हे दुपारपर्यंत आम्हाला उमगलं.

"यात थोडे पैसे घालून नवा आला असता," दादा म्हणाला.

"नव्यातून मला हवं ते काढता येत नाही, मामा."

"लोक लॅपटॉपमध्ये काहीतरी घालून घेतात. तू काढायला बसलीस."

"खासगीपणासाठीच बनवलेले लॅपटॉप मिळतात. अमेरिकेतल्या प्युरिझम कंपनीचा लिब्रेम आहे, जर्मनीतल्या नायट्रोकीचा नायट्रोपॅड आहे. पण पहिला नायट्रोपॅड म्हणजे हाच एक्स२३० होता, जुना घेऊन आतून बदललेला. मग तो मी घरीच का नको बदलू?"

"आणि काढायचं आहे काय?"

लेकीनं पेन्सिलीच्या टोकानं मदरबोर्डवरची एक चौकोनी चिप दाखवली. इंटेलच्या चिपसेटमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज आणखी एक छोटा संगणक असतो, मॅनेजमेंट इंजिन नावाचा. गेली सतरा-अठरा वर्षं तो जवळजवळ प्रत्येक इंटेल लॅपटॉपमध्ये आहे. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, मेमरीवर आणि नेटवर्कवर त्याचा हात पोचतो, आणि आपण वर विंडोज घाला नाहीतर लिनक्स, त्याला फरक पडत नाही. नव्या चिपांमध्ये तो मिनिक्सवर चालतो, हे २०१७ साली बाहेर आलं. मिनिक्स ही ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅननबाउम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली सिस्टिम. त्यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिलं. तक्रार एवढीच, की बाबांनो, वापरलीत ते ठीक, पण एका शब्दानं कळवायचं तरी.

"ही इंजिनं ठेवलीत कशाला?"

"मोठ्या कंपन्यांना आपले हजारो संगणक लांबून दुरुस्त करता यावेत म्हणून. निदान एक कारण ते."

"म्हणजे आमचा टेस्ट डेस्क," दादा खूश झाला. "टेस्ट डेस्कवरून आम्ही कुठल्याही ग्राहकाच्या लाइनवर जाऊ शकायचो. बिघाड शोधायला. ग्राहकाला पत्ता नसायचा."

"आणि तुम्हाला ते योग्य वाटायचं?"

"योग्य-अयोग्य काय त्यात? त्याशिवाय खातं एक दिवस चाललं नसतं."

"मामा, मे २०१७ मध्ये याच लांबून-दुरुस्तीच्या सोयीत एक भोक सापडलं. पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी यंत्र आत घ्यायचं. तुमच्या टेस्ट डेस्कवर निदान माणूस बसलेला असायचा."

दादा काही बोलला नाही. लेकीनं पुढचा मुद्दा मांडला. त्याच वर्षी पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या संशोधकांना नव्या चिपांमध्ये एक गुपचूप ठेवलेलं बटण सापडलं. हे इंजिन सुरुवातीचं काम उरकून झोपी जावं अशी व्यवस्था. अमेरिकन सरकारच्या हाय अश्युरन्स प्लॅटफॉर्म या कार्यक्रमासाठी ती ठेवली होती, हे पुढे इंटेलनंही मान्य केलं. "म्हणजे तिथल्या सरकारला आपल्या टेबलावर हे नको वाटलं," लेक म्हणाली. "मग मला का हवंसं वाटावं?"

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. दादाला नाही.

"अगं, तू इन्स्ट्रुमेंट खोलून बसलीयस. लोक यायचे आमच्याकडे, आमच्या फोनमध्ये कोणी काही बसवलंय का बघा म्हणून. आम्ही हसायचो. फोनला कान नसतो, कान एक्स्चेंजला असतो. तिथल्या एमडीएफ फ्रेमवर त्या भागातल्या सगळ्या फोनच्या तारांच्या जोड्या येऊन टेकतात. टॅग ब्लॉकवर क्लिप लावली की झालं. कोणाच्या घरी जायची गरज नाही. आणि बोलणं ऐकायचीही गरज नाही. ट्रंक कॉलची चिठ्ठी असायची ना, कुठल्या नंबरवरून कुठल्या नंबरला, किती वाजता, किती मिनिटं. महिनाभराच्या चिठ्ठ्या समोर ठेवल्या की माणूस कळतो."

"म्हणून तर सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये बंधनं घातली. गृहसचिवाचा हुकूम पाहिजे, पुनर्विचाराची समिती पाहिजे."

"घातली ना. एक्स्चेंजच्या कानावर घातली. तुझ्या स्क्रूड्रायव्हरवर नाही. बरं, मला एक सांग, तुला भीती कोणाची?"

लेकीनं बोटं मोजली. गाडीत लॅपटॉप चोरीला जाईल. दुरुस्तीच्या दुकानात कोणी हार्डडिस्कची नक्कल करेल. अशिलाचा नवरा, जो संगणकातला जाणकार आहे, तो काहीतरी करेल. "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मामा. अशिलांचं आहे. आणि ते जपणं ही माझी हौस नाही, कायदा आहे. आधी पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं १३२."

"चोर, दुकानदार, नवरा," दादा म्हणाला. "यातला एक तरी मॅनेजमेंट इंजिनातून येणार आहे का?"

लेक थांबली. कोर्टात ती अशी थांबत असेल तर अशिलाचं अवघड आहे, असं माझ्या मनात आलं. मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "नाही. चोरासाठी डिस्कला कुलूप घातलं की पुरे. ते कुठल्याही लॅपटॉपवर घालता येतं. हे मी भीतीपोटी करत नाहीये. माझ्या घरात मला न सांगता कोणी राहतंय, एवढंच मला नको आहे."

"मग तसं सांग. भीतीचं नाव कशाला पुढे करतेस?"

मला वाटतं, त्या दिवसाचा खरा वाद इथेच मिटला. पुढे जे झालं ते काम होतं. पण दादाशी काम करणं म्हणजेही वादच.

एक्स२३० मध्ये फर्मवेअर, म्हणजे यंत्राला जागं करणारा प्रोग्रॅम, दोन चिपांवर वाटून ठेवलेलं असतं, एक ८ एमबीची आणि एक ४ एमबीची. दोन्हीला आठ पाय, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. त्यावर चिमट्यासारखी क्लिप बसवायची, आतलं सगळं वाचून घ्यायचं, बदलायचं आणि परत लिहायचं. लेकीनं त्यासाठी पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून काळ्या रंगाचा एक स्वस्त प्रोग्रॅमर आणला होता. दादानं तो लावू दिला नाही. आधी मल्टिमीटरची टोकं टेकवली आणि म्हणाला, "चिप किती व्होल्टची? तीन पॉइंट तीन. हा तारांवर पाच सोडतोय." लेकीनं लगेच मान्य केलं, असल्या प्रोग्रॅमरची ही खोड माहीतगारांना ठाऊक असते म्हणे. मग कपाटातून तिचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक निघाला आणि सहा रंगांच्या सहा तारा जोडल्या गेल्या.

क्लिप मात्र दादानंच लावली. श्वास रोखून, एका झटक्यात. "चाळीस वर्षांनी टॅग ब्लॉक भेटला," तो म्हणाला. ऐकण्यासाठी लावायची क्लिप तो ऐकणं बंद करायला लावत होता. हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. मी काही बोलले नाही.

चिप दोनदा वाचली. दोन्ही वाचनांची बेरीज जुळली की मगच पुढे, हा नियम. मग मॅनेजमेंट इंजिनाचा सुमारे ५ एमबीचा भाग छाटून १०० केबीच्या आत आला. या मॉडेलमध्ये तो पूर्ण काढता येत नाही. पूर्ण काढला तर यंत्र अर्ध्या तासानं आपोआप बंद पडतं. २००८ च्या एक्स२०० मध्ये अख्खा काढता यायचा. बाकीच्या जागेत कोअरबूट बसलं, म्हणजे कंपनीच्या बायॉसऐवजी उघडा, कोणालाही वाचता येणारा प्रोग्रॅम. स्क्रीन उजळायला काही सेकंद लागले. तेवढ्या वेळात लेकीचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा झाला होता.

मग डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. इथे दादानं दुसरी आघाडी उघडली, आणि मला अपेक्षा नव्हती तिथून.

लॅपटॉपचं मूळ वायफाय कार्ड चालायला एक बंद फर्मवेअर लागतं, ज्याचा मजकूर कोणी बघू शकत नाही. डेबियननं २०२२ मध्ये मतदान घेऊन असली फर्मवेअरं आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती येतात. लेकीला ती नको होती. तिनं एथेरॉसचं जुनं कार्ड आणलं होतं, जे फर्मवेअरशिवाय चालतं. मूळ बायॉस परकं कार्ड स्वीकारत नव्हता. कोअरबूटला तसला सोवळेपणा नाही. कार्ड चाललं. मग तिनं डेबियनच्या यादीतून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा शब्दच खोडला.

"त्यातच प्रोसेसरचा मायक्रोकोड, त्याच्या आतल्या सूचना, होता ना?" दादानं विचारलं. त्यानं आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. त्याला असं वाचायची सवय आहे, फक्त तो सांगत नाही.

"होता. तोही बंद आहे."

"२०१८ च्या जानेवारीत ती दोन भोकं निघाली, स्पेक्टर आणि मेल्टडाउन. त्यातल्या एकाचा पूर्ण बंदोबस्त मायक्रोकोडशिवाय होत नाही. इंटेलनं या जुन्या प्रोसेसरलाही तो दिला. आणि तू तो नाकारतेस, बंद आहे म्हणून."

"तत्त्व आहे ते."

"तत्त्व कसलं? प्रोसेसरच्या आत कारखान्यातनं आलेला मायक्रोकोड आहेच. तोही बंदच. म्हणजे जुनं बंद चालतं, नवं बंद चालत नाही. भोक पडलेलं भांडं सोवळ्यात आहे म्हणून कल्हई नाकारायची?"

लेकीनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. दादाला एक गोष्ट माहीत नव्हती, ती तिनं स्वतःच सांगितली. तिचा हा गुण मला आवडतो. लिब्रबूट हा कोअरबूटचाच अवतार, कित्येक वर्षं एकही बंद ओळ न ठेवण्याबद्दल प्रसिद्ध. त्या प्रकल्पानंही २०२२ च्या नोव्हेंबरात धोरण बदललं आणि मायक्रोकोड घेतला. "मी त्यांच्यावर चिडले होते तेव्हा," ती म्हणाली. खोडलेला शब्द परत लिहिला, मायक्रोकोड घेतला, वायफायचं फर्मवेअर घेतलं नाही. दादानं कुरकुर केली नाही.

डिस्कचं कुलूप घालणं सोपं निघालं. डेबियनचा इन्स्टॉलर विचारतो, अख्खी डिस्क कुलूपबंद करू का, आपण हो म्हणायचं. त्या पद्धतीला लक्स म्हणतात, एका डिस्कला अनेक किल्ल्या देता येतात. पण सुरुवातीचा एक छोटा भाग उघडाच राहतो, नाहीतर यंत्र पासवर्ड विचारणार तरी कशानं? दादाला ते खटकलं. कोणी तेवढाच भाग बदलून ठेवला तर? लेक म्हणाली, त्या हल्ल्याला नाव आहे, दुष्ट मोलकरीण. योआना रुतकोव्स्का यांनी २००९ मध्ये ठेवलेलं. आपण हॉटेलातून बाहेर पडतो, मागे खोलीत कोणीतरी लॅपटॉप उघडतं. त्यावर उपाय आहे, हेड्स नावाचा, पण तो ती पुढच्या महिन्यात बसवणार. तोवर तिनं माझ्याकडे चमकीचं नेलपॉलिश मागितलं.

"कशाला?"

"स्क्रूवर लावायला. चमकीचे कण कसे पडले त्याचा फोटो काढून ठेवायचा. कोणी स्क्रू काढला तर नक्षी परत तशी जमत नाही. प्युरिझमवाले गिऱ्हाइकानं मागितलं तर असंच करून पाठवतात."

"विजेच्या मीटरला शिशाचं सील असतं, तसंच," दादा म्हणाला. माझ्याकडे चमकीचं नव्हतं. शेजारच्या चौथीतल्या मुलीकडून आणलं. गुलाबी.

जेवणं झाल्यावर दादा परत त्या यंत्राकडे बघत बसला होता. मग त्यानं अचानक विचारलं, कॅमेरा आणि माइक बंद करायचं बटण कुठाय? लेक म्हणाली, वीज तोडणारं यात नाही. लिब्रेममध्ये आहे. तिथे खरा स्विच असतो, सरकवला की सर्किट तुटतं, वीजच जात नाही. इथे सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायचा किंवा पट्टी चिकटवायची.

"हे काय?" दादा म्हणाला. "रिसीव्हर खाली ठेवला की हुकाखालचे कॉन्टॅक्ट सुटायचे. माउथपीसला करंटच नाही. ठेवलेला फोन मुका. आणि तो मुका आहे हे चार वर्षांच्या पोराला दिसायचं. तुम्ही लोकांनी तो हुक काढून टाकलात?"

सकाळपासून 'फोनला कान नसतो' म्हणणारा माणूस आता इन्स्ट्रुमेंटवर चिडला होता. लेकीनं त्याला ते ऐकवलं नाही. तिनं पुन्हा वाट्या काढल्या. माइकची बारीक तार कुठे जाते ते शोधण्यात दोघांचा तास गेला. शेवटी स्क्रीनच्या कडेतला जोड सोडवून ठेवला, कॅमेऱ्यासकट. सुनावणी ऑनलाइन असेल तेव्हा बाहेरचा कॅमेरा लावायचा आणि संपली की उपटायचा.

"आता कान तुझ्या हातात आहे," दादा म्हणाला. आणि लगेच पुढचं: "पण टाइप कोण करून देतो?"

ही बाजू खरोखर तिची कमकुवत होती. जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधीशांना ई-कोर्ट्स प्रकल्पातून उबंटू हे लिनक्स घातलेले लॅपटॉप मिळाले, हे ती अभिमानानं सांगते. पण कोर्टाबाहेर टपरीत बसणारे टंकलेखक रेमिंग्टन पद्धतीनं जुन्या फॉन्टांत टाइप करतात. ती फाईल डेबियनवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून आजवर तिचं मराठी काम त्यांच्याच संगणकावर व्हायचं. अशिलाचं नाव, पगार, मारहाणीच्या तारखा, सगळं पेनड्राइव्हवर टपरीत जायचं. आणि अशील कागद पाठवतात ते व्हॉट्सॲपवर.

"झालं तुझं एक्स्चेंज," दादा म्हणाला.

"व्हॉट्सॲपचं बोलणं मधे कोणी वाचू शकत नाही."

"चिठ्ठी? कोणी, कोणाला, किती वाजता?"

"ती राहते," लेक म्हणाली.

दोन्ही प्रश्न तिनं त्या दिवशी सोडवले नाहीत. एक अर्धा सोडवला. डेबियनमध्ये इनस्क्रिप्टचा कीबोर्ड चालू केला आणि स्वतः टाइप करायला शिकायचं ठरवलं. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं. पहिल्या संध्याकाळी पाऊण तासात पोटगीच्या अर्जाची सहा वाक्यं झाली. 'प्रतिवादी' लिहिताना ती दर वेळी अडते. टंकलेखकाचं काम पूर्ण सुटणार नाही हे तिलाही ठाऊक आहे. निदान नावं आणि आकडे ती आता घरी भरते.

आणखी एक गोष्ट पासवर्डची. सापशिडीचे फासे टाकून पान आणि ओळ ठरवायची आणि मोल्सवर्थच्या शब्दकोशातून सहा शब्द काढायचे, अशी तिची पद्धत. डोक्यातून निवडलेला शब्द दुसऱ्याच्याही डोक्यात येऊ शकतो, फाशांना डोकं नसतं. शब्द झकास निघाले, त्यातले दोन मी आजीच्या तोंडून ऐकलेले. पण यंत्र सुरू होताना जी काळी चौकट पासवर्ड मागते तिला देवनागरी येत नाही. शब्द रोमनमध्ये लिहावे लागले, आणि 'ळ' कसा लिहायचा यावर दोघांचं पुन्हा वाजलं. कसा लिहिला ते अर्थातच सांगता येणार नाही.

"उद्या तुला काही झालं तर?" दादानं विचारलं. "अशिलांचे कागद गेलेच."

"दुसरी किल्ली करून ठेवते."

"एक्स्चेंजची दुसरी किल्ली सीलबंद पाकिटात असायची. जोडावर साहेबाची सही."

किल्ली कागदावर लिहून लेकीनं पाकिटात घातली. जोडावर दादानं सही केली, उरलेल्या गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि त्याचा फोटो काढला. पाकीट माझ्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली आहे. कपाटाला कुलूप आहे का, हे त्या दोघांपैकी कोणालाही विचारायचं सुचलं नाही.

दादा आता दर आठवड्याला फोन करतो. त्याच्या घरी अजून लँडलाइन आहे, तिच्यावरून. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज उतरवतो.

"ते लोणचं जागेवर आहे ना?"

"आहे," मी म्हणते.

"बरणी उघडू नकोस."